भाड्याने द्यायला पहिला फ्लॅट: गृहकर्ज कोणतं घ्यावं?

उंबरठा
फ्लॅट राहायला नाही, भाड्याने द्यायला घ्यायचा आहे. रिसेल, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेली इमारत, पुणे मनपा हद्द, किंमत ६० लाख. भाडं १७ हजारांच्या आसपास मिळेल. हाताशी २० लाख, पगारदार, नवी करप्रणाली. कर्ज ४५ लाख, मुदत २० वर्षं. समोर चार पर्याय आहेत.

अ) बँक, रेपोला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर) जोडलेला फ्लोटिंग म्हणजे बदलता दर, ७.५० टक्के.
आ) हाउसिंग फायनान्स कंपनी, ७.३५ टक्के, त्यांच्या स्वतःच्या पीएलआरला (कंपनीनेच ठरवलेला मूळ दर) जोडलेला. सोबत १.२० लाखांचा एकरकमी कर्जविमा, तो कर्जातच मिळवतात.
इ) बँकेचं ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज (जास्तीचे पैसे त्यातच ठेवता-काढता येतात), ७.७५ टक्के.
ई) पहिली ३ वर्षं फिक्स्ड ८.४० टक्के, नंतर फ्लोटिंग.

माझं मत: ज्याचा दर कमी तो घ्यावा, म्हणजे 'आ'. जवळपास अर्धा हप्ता भाड्यातून निघेल, उरलेल्यावर करसवलत आहेच. काही सुटतंय का?

मुद्दलदास
भाडेकरू बाराही महिने, भिंतींचा रंग कायमचा आणि मेंटेनन्स न मागणारी सोसायटी? पत्ता द्या, आम्हीही रांगेत उभे राहतो.

हिशेबनीस
मुद्दलदास चेष्टा करतायत, पण मुद्दा तोच आहे. आधी भाडं किती उरतं ते पाहू.

वर्षाला एक महिना घर रिकामं धरा. ११ × १७,००० = १,८७,०००. त्यातून मेंटेनन्स महिना २,५०० म्हणजे ३०,००० गेले, मालमत्ता कर ९,००० गेला, रंग आणि दुरुस्तीचे सरासरी १०,००० गेले. उरले १,३८,०००, म्हणजे महिना ११,५००. 'अ'चा हप्ता ३६,२५२ येतो. म्हणजे दरमहा सुमारे २४,७५० रुपये पगारातून घालायचे आहेत. अर्धा हप्ता सोडा, तिसरा हिस्साही भाड्यातून निघत नाही.

हा आकडा परवडत असेल तरच पुढचं वाचा.

रेघोट्या
त्यात नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही धरा, म्हणजे मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते ते शुल्क. महाराष्ट्रात सोसायटीला सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, २००१ चा शासन आदेश आहे. सेवा शुल्काच्या, पूर्ण मेंटेनन्स बिलाच्या नव्हे. मालमत्ता कर वगैरे वगळून हिशोब होतो. बऱ्याच सोसायट्या एकूण बिलावर लावतात आणि मालकही बघत नाही.

बिनव्याजी
आता विम्याचं. १.२० लाख कर्जात मिळवले की ७.३५ टक्क्यांनी २० वर्षांत त्याचाच हप्ता महिना ९५६ रुपये होतो. आणि ७.५० ऐवजी ७.३५ दरामुळे ४५ लाखांवर हप्ता कमी होतो ४१२ रुपयांनी. म्हणजे 'स्वस्त' पर्याय दरमहा ५४४ रुपयांनी महाग पडला.

विमा वाईट नाही, पण साधी टर्म पॉलिसी वेगळी घ्या. तिचा हप्ता कर्जावर व्याज खात नाही, आणि कर्ज दुसरीकडे हलवलं तरी पॉलिसी तुमचीच राहते. हा विमा कर्जाची अट असू शकत नाही. तरीही अट म्हणून सांगत असतील तर ते लेखी मागा. लेखी मागितलं की अट बहुतेक वेळा विरघळते.

उंबरठा
विम्याचं असं मांडून पाहिलंच नव्हतं. म्हणजे विमा काढून टाकला तर 'आ'च बरा ना?

रेपोवाला
नाही. दर कोणत्या दोरीला बांधलाय ते बघा.

बँकांना १ ऑक्टोबर २०१९ पासून नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या बेंचमार्कला जोडावी लागतात. बहुतेकांनी रेपो घेतलाय. किमान तीन महिन्यांतून एकदा रीसेट सक्तीचा आहे. रेपो बदलला की तिमाहीच्या आत तुमचा दर हलतो, वरही आणि खालीही. रेपोच्या वर बँक जे टक्के लावते तो स्प्रेड तिला तीन वर्षं वाढवता येत नाही. अपवाद फक्त क्रेडिट रिस्क प्रीमियमचा, तुमची पत बिघडली तर तो वाढू शकतो.

हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हा नियम नाही. त्यांचा पीएलआर त्या स्वतः ठरवतात. रेपो चढला की पीएलआर लगोलग चढतो, उतरताना मात्र जिना मोजत उतरतो. नव्या ग्राहकाला पीएलआरमधून जास्त वजावट देऊन ७.३५ दाखवतात आणि जुना ग्राहक वरच्याच दरात बसून राहतो. त्याला खाली यायचं तर कन्व्हर्जन फी भरा. २०२५ मध्ये रेपो फेब्रुवारीत ६.५० होता, डिसेंबरात ५.२५ झाला. रेपोच्या दोरीला बांधलेल्या कर्जदाराचा दर आपोआप उतरला. पीएलआरवाल्याला अर्ज करून फी भरावी लागते.

सर्चरिपोर्ट
सरसकट नको. काही कंपन्या खरंच पटकन उतरवतात. आणि जुनी इमारत, मोडकी कागदपत्रं, व्यवसायातलं उत्पन्न अशा ठिकाणी बँक नाही म्हणते आणि कंपनी देते. तिथे पाव टक्का जास्त ही सोयीची किंमत समजायची.

रेपोवाला
@सर्चरिपोर्ट, मान्य. पण इथे पगारदार आहे आणि ओसी आहे. बँकेने नाही म्हणायचं कारण दिसत नाही.

तिसरा_मजला
मी 'ई'च्या बाजूने बोलतो, नाहीतर धागा एकतर्फी होईल. भाड्याच्या घरात भाडं जवळपास ठरलेलं असतं, करारात वर्षाला ५ किंवा १० टक्के वाढ. मग हप्ताही ठरलेला असेल तर झोप लागते. दर वाढला म्हणून भाडेकरूला भाडं वाढवून मागता येत नाही.

हिशेबनीस
तीन वर्षांच्या झोपेला ०.९० टक्के म्हणजे पहिल्याच वर्षी सुमारे ४० हजार जास्त व्याज! महाग अंथरूण आहे. शिवाय चौथ्या वर्षी ते कोणत्या फ्लोटिंगवर जाणार, म्हणजे रेपो अधिक किती, हे करारात आज लिहिलंय का? नसेल तर तीन वर्षांनी दर तेच ठरवणार.

फिक्स्ड काळात आगाऊ फेडलं तर दंडही लागू शकतो, २ टक्क्यांपर्यंत आणि वर जीएसटी. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर आगाऊ परतफेडीचा दंड घेता येत नाही. भाड्याच्या घराला ही मोकळीक जास्त कामाची, कारण कधी विकावं लागेल सांगता येत नाही.

तिसरा_मजला
०.९० जास्त आहे हे कबूल. फरक पाव टक्का असता तर माझं म्हणणं टिकलं असतं.

रेपोवाला
तरी तिसऱ्या मजल्यावरून दिसणारी भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो ४.०० वरून ६.५० वर गेला. अडीच टक्के. तेच इथे लावा: ७.५० चा दर १०.०० झाला तर ४५ लाखांवर महिन्याचं निव्वळ व्याज ३७,५००. आणि तुमचा हप्ता ३६,२५२. म्हणजे पूर्ण हप्ता भरूनही कर्ज महिना १,२४८ रुपयांनी वाढत जाणार.

बँकेला असं होऊ देता येत नाही, म्हणून ती हप्ता वाढवते. २० वर्षांत फेडायचं तर हप्ता ४३,४२६ होतो. घर घेण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न हाच: ४३,४०० भरता येतील का, तेही घर दोन महिने रिकामं असताना?

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडं थोडं दोन्ही, हे कर्जदाराला निवडता यायला हवं. प्रत्यक्षात कळवलं नाही तर बँक मुकाट्याने मुदत ताणते. वर्षातून दोनदा स्टेटमेंटमध्ये 'उरलेले हप्ते' हा आकडा बघा. वर्षभराने २२८ असायला हवा तिथे ३१० दिसला तर उठून बसा.

पानसुपारी
आमच्याकडे हप्ते संपायच्या आधी नातवाचं लग्न होतं ते यामुळे होय.

मुद्दलदास
नातू सहकर्जदार असेल.

करकपात
उंबरठा, तुमच्या पहिल्या पोस्टमधली सगळ्यात मोठी चूक दराची नाही, 'करसवलत आहेच' ही आहे. जरा लांबण लावतो.

भाड्याच्या घराचं करपात्र उत्पन्न असं निघतं: मिळालेलं भाडं १,८७,०००, वजा मालकाने भरलेला मालमत्ता कर ९,०००, राहिले १,७८,०००. त्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट ५३,४००. मेंटेनन्स, रंग, दलाली सगळं या ३० टक्क्यांत आलं, वेगळं मागता येत नाही. राहिले १,२४,६००. यातून कर्जाचं व्याज वजा होतं. भाड्याने दिलेल्या घराला व्याजाच्या वजावटीवर दोन लाखांची मर्यादा नाही. ती मर्यादा स्वतः राहायच्या घराला.

पहिल्या वर्षाचं व्याज ३,३४,०७७. म्हणजे घरात २,०९,४७७ चा तोटा. जुन्या प्रणालीत त्यातले २ लाख पगारातून वजा होतात आणि उरलेले ९,४७७ पुढे ८ वर्षं नेता येतात, तेही फक्त घराच्या उत्पन्नासमोर. नव्या प्रणालीत हा तोटा पगारातून एक रुपयाही वजा होत नाही. व्याज भाड्यावरचा कर शून्य करतं, आणि तिथेच थांबतं.

म्हणजे तुमच्या कामाचं व्याज १,२४,६०० एवढंच. ७.५० टक्क्यांनी एवढं व्याज साधारण साडेसोळा लाखांच्या कर्जावर होतं. त्यावरच्या साडेअठ्ठावीस लाखांचं व्याज पूर्णपणे तुमच्या खिशातून, करात फुंकर मारण्याइतकाही उपयोग नाही.

बिनव्याजी
मग जुनी प्रणाली घ्यावी?

करकपात
फक्त या दोन लाखांसाठी नको. ८०सी, स्वतः भाडं भरत असलेल्या घराचा एचआरए (घरभाडे भत्ता), आरोग्य विमा असं बरंच काही असेल तरच जुनी बरोबरीला येते. दोन्ही बाजूंनी गणित मांडा. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्याला दरवर्षी प्रणाली निवडता येते, हे बरं आहे.

आणखी एक. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. जुन्या लेखांत '२४बी' दिसलं तर गोंधळू नका, ३० टक्क्यांची वजावट आणि व्याजाची वजावट नव्या कायद्यातही आहे.

रेघोट्या
एक शंका. घरासाठी नातेवाइकाकडून व्याजाने पैसे घेतले तर?

करकपात
व्याजाची वजावट मिळते. गहाण कोण ठेवून घेतंय याला महत्त्व नाही, पैसे घर घ्यायला लागले का याला आहे. व्याज घेणाऱ्याकडून दाखला घ्या, त्याने ते स्वतःच्या विवरणात दाखवायला हवं, व्यवहार बँकेतून करा. उलट बाजूही तशीच: याच घरावर टॉप-अप घेऊन गाडी घेतली तर त्या व्याजाची वजावट नाही. विमा कर्जात मिळवला तर तेवढ्या भागाचं व्याजही 'घरासाठी घेतलेलं कर्ज' म्हणून दाखवणं अवघड.

सर्चरिपोर्ट
कागदपत्रांवर कुणी बोललंच नाही. भाड्याच्या घरासाठी खास दोन गोष्टी.

पहिली: कर्जकरारात 'बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर भाड्याने देऊ नये' असं कलम पुष्कळदा असतं. अर्जात स्वतः राहणार असं खोटं लिहू नका. भाड्याने देणार असं लिहा आणि सँक्शनच्या वेळीच परवानगीचं पत्र मागून घ्या. पत्र फुकट मिळतं, फक्त आधी मागावं लागतं.

दुसरी: पुढचं भाडं उत्पन्न म्हणून धरायला बँका नाखूश असतात. पगारावरच पात्रता काढतील. भाडं धरलंच तर पूर्ण धरणार नाहीत, आणि नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार नि आयकर विवरण मागतील. महाराष्ट्रात करार लेखी आणि नोंदणीकृत असणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने सक्तीचंच आहे. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' ही अफवा किती वर्षं चालणार कोण जाणे.

हिशेबनीस
आणि हाताशी असलेल्या वीस लाखांचं बघा. कर्ज ४५, म्हणजे स्वतःचे १५. पुण्यात मुद्रांक ७ टक्के म्हणजे ४.२० लाख. नोंदणी ३० हजार. दलाली १ टक्का धरली तरी ६० हजार. झाले २०.१० लाख. प्रक्रिया शुल्क, गहाणखताचा मुद्रांक, वकील, रंग, गीझर सगळं बाकीच आहे.

३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे ४८ लाख. मुद्रांक आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. किंमतही करारातली की बँकेच्या व्हॅल्युअरची, यातली जी कमी ती. व्हॅल्युअरने ५६ लाख काढले तर ८० टक्के ४४.८० होतात आणि तुमचे ४५ सुद्धा बसत नाहीत. म्हणून टोकन देताना 'कर्ज मंजूर न झाल्यास टोकन परत' ही ओळ पावतीवर घाला.

पानसुपारी
बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का वाचतो म्हणे.

करकपात
वाचतो, ६० हजार. पण पैसे नवऱ्याने दिले तर भाडं करासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. आणि ज्याच्या नावावर घर नाही त्याला व्याजाची वजावट नाही, हप्ता त्याने भरला तरी. सहकर्जदार आणि सहमालक दोन्ही असावं लागतं.

सर्चरिपोर्ट
किंमत ५० लाखांच्या वर आहे, तर विक्रेत्याला देताना १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापायचा. इथे ६० हजार. हमखास होणारी गडबड: बँक उरलेली पूर्ण रक्कम विक्रेत्याच्या नावे चेकने देते आणि टीडीएस कापायला काही उरतच नाही. म्हणून तो स्वतःच्या १५ लाखांतूनच कापून ठेवा. चेक निघण्याआधी बँकेला चलन दाखवावं लागतं.

बिनव्याजी
'इ' बिचारा कोपऱ्यात राहिला. ओव्हरड्राफ्ट पाव टक्का महाग, म्हणजे ४५ लाखांवर वर्षाला ११,२५० जास्त. त्यात पैसे ठेवले की तेवढ्यावर ७.७५ टक्के व्याज वाचतं आणि हवे तेव्हा काढता येतात. बचत खात्यावर अडीच टक्के मिळतात असं धरलं तर साधारण २.१५ लाखांहून जास्त रक्कम कायम पडून असेल तरच 'इ' परवडतो. वीस लाख संपवून बसलेल्या माणसाकडे ती असणार नाही.

तिसरा_मजला
मुदतीवर माझं एक. २० ऐवजी ३० वर्षं घ्या, वयात बसत असेल तर. ४५ लाखांचा हप्ता ३१,४६५ होतो. दरमहा भरा ३६,२५२ च, कर्ज २० वर्षांतच संपेल. पण घर रिकामं असेल त्या महिन्यांत ३१,४६५ वर उतरता येतं. पावणेपाच हजारांचा श्वास आहे तो.

हिशेबनीस
शिस्त असेल तरच. ३१,४६५ च भरत राहिलात तर एकूण व्याज ४२ लाखांऐवजी ६८ लाख होतं. आणि जास्तीचे पैसे भरताना 'मुदत कमी करा, हप्ता नको' असं दरवेळी लेखी द्या. काही बँकांची प्रणाली आपोआप हप्ता कमी करते. काही जास्तीची रक्कम नुसती पुढच्या हप्त्यासाठी जमा धरतात. मग मुद्दल तिथल्या तिथेच.

उंबरठा
सगळ्यांचे आभार. 'आ' आणि 'ई' बाद. 'अ' घेतोय, ३० वर्षांची मुदत. आणि करकपात यांच्या हिशोबानंतर ४५ लाख घ्यायचेत का यावरही विचार सुरू आहे. ४५ लाखांचा एक छोटा फ्लॅट त्याच भागात आहे, भाडं १४ हजार.

एकच प्रश्न: सँक्शन लेटरमध्ये '७.५० टक्के फ्लोटिंग' एवढंच लिहिलंय. स्प्रेड कुठे बघायचा?

रेपोवाला
छोट्या फ्लॅटवर भाडं ३.७ टक्के पडतं, मोठ्यावर ३.४. कर्ज ३० लाखांच्या खाली येईल, बघाच.

स्प्रेडसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता) मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ (रिटेल) कर्जाला ते द्यावंच लागतं. त्यात बेंचमार्क, स्प्रेड, अंतिम दर वेगवेगळे लिहिलेले असतात आणि सगळी शुल्कं धरून वार्षिक टक्केवारीही असते. रेपो ५.२५ असेल तर स्प्रेड २.२५ दिसायला हवा. २.२५ ऐवजी '२.७५, त्यातून ०.५० सणाची सूट' असं दिसलं तर सूट किती महिने टिकते ते विचारा, सही नंतर.

मुद्दलदास
आणि भाडेकरू बाराही महिने राहणारा मिळाला तर पत्ता द्यायचं विसरू नका.